मायचा हात आणि गाडीचा पत्रा

माझी गाडी पांढरी आहे. लांबून स्वच्छ दिसायची, पण जवळ जाऊन पाहिलं की पत्र्यावर बारीक नारिंगी ठिपके दिसत. कितीही धुतलं तरी ते जात नसत. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्या कुंपणापलीकडे सळ्या तयार करणारे कारखाने आहेत. तिथला लोखंडाचा धुरळा वाऱ्यावर येतो, दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांवर बसतो, रंगात रुततो आणि तिथंच गंजतो. ऑफिसातल्या सगळ्यांच्याच गाड्यांची ही गत आहे. कुणी मनावर घेत नाही. मी घेतलं, कारण ही गाडी, सेकंडहँड का होईना, माझ्या नावावर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुठल्याच बाईच्या नावावर काही नव्हतं.

मोबाइलवर शोधता शोधता मला क्ले बारची माहिती मिळाली. निळसर रंगाची, साबणाच्या वडीएवढी, हाताला मऊ कणकेसारखी लागणारी वस्तू असते ती. गाडी आधी नीट धुवायची, पत्र्यावर साबणाचं पाणी फवारायचं आणि या वडीची चपटी पुरी करून ती पाण्यावरून हलक्या हातानं सरळ रेषेत मागंपुढं फिरवायची. जोर द्यायचा नाही. रंगात रुतलेले कण ती स्वतःत ओढून घेते. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग हळूहळू आवाज थांबतो. पुरी मळली की घडी घालून पुन्हा मळायची आणि स्वच्छ बाजू वर काढायची. एक गोष्ट मात्र बजावून सांगितलेली असते: वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची. वाळूचा एक कण जरी तिला चिकटला तरी सगळ्या रंगावर चरे पडतात.

मी वडी मागवली, आणि त्याच आठवड्यात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

आम्ही आईला मायच म्हणतो. ती मंठ्याजवळच्या आमच्या गावी माझ्या भावाकडे असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा जास्त पिकला होता म्हणून आधी उजवा करायचा आणि महिनाभरानं डावा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. ऑपरेशन जालन्यात म्हणून माय माझ्याकडे आली. भावानं तिला माझ्या दारात सोडलं तेव्हा तिच्या कपड्यांची पिशवी लहान होती आणि दुसरं पोतं मोठं. पोत्यात ज्वारी होती, तूरडाळ होती, तीळ होते, शेंगदाण्याचं कूट होतं. मी विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, माझ्यापुरतं आणलंय.

आमच्याकडे अजून ही रीत आहे. आईबापानं लेकीच्या घरी फार दिवस राहू नये. सणावाराला यावं, चार दिवस राहावं आणि निघावं. जास्त राहिलं तर गाव म्हणतं, मुलगा सांभाळत नाही वाटतं. माझा भाऊ तिला नीट सांभाळतो, त्यामुळे तिला तर जास्तच जपावं लागत होतं. ऑपरेशन चांगलं झालं. पण सातव्या दिवशी ती उठली आणि आपली पिशवी भरू लागली. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते, धूळ आणि धूर टाळायचा होता, खाली वाकायचं नव्हतं. गावाकडे कापसाची वेचणी चालू होती. ती तिथं गेली असती तर शेतात जायची थांबली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. आणि एकदा गेली की डाव्या डोळ्यासाठी पुन्हा आली नसती, हेही माहीत होतं. तिचं म्हणणं एकच होतं. एका डोळ्यानं भागतंय, दुसऱ्याचा खर्चा कशाला.

रविवारी डॉक्टरबाईंचा दवाखाना बंद असतो आणि सोमवारी दाखवून मग जा, एवढं सांगून मी तिला कसंबसं दोन दिवस थांबवलं. त्या रविवारी सकाळी मी गाडी धुऊन बोनेटवर वडी फिरवायला घेतली. माय ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दवाखान्यातून दिलेला काळा चष्मा लावून बसली होती.

"बाई, काय करून राह्यली?" तिनं विचारलं. "कशाची खरखर येऊन राह्यली?"

मी तिला सगळं सांगितलं. धुतल्यावर बी घाण राहती का, हे तिला पटेना. तिथं एक करून पाहण्यासारखी गोष्ट होती, ती मी केली. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी तिच्या उजव्या हातात मोज्यासारखी घातली, तिला उठवून गाडीपाशी आणलं आणि म्हटलं, आता हात फिरव. नुसत्या बोटांना न लागणारे कण पिशवीतून दसपट मोठे लागतात. व्हिडिओत पाहिलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं.

मायचा हात बोनेटवर दोन वीत सरकला आणि थांबला.

"माय गं," ती हळूच म्हणाली. "ही तर घामोळ्या आल्यावानी झालीय."

मला तिच्या हाताबद्दल इथं थोडं सांगायला हवं. माझी माय जवळजवळ तीस वर्षं कापसाच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये कामाला जायची. संकरित बी तयार करताना मादीच्या ओळीतलं उद्या उमलणारं फूल आदल्या दिवशी हातानं सोलतात. पाकळ्या आणि परागाचे कोष अंगठ्याच्या नखानं अलगद काढायचे, आतल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे. नख जरा खोल गेलं की फूल गळतं. मायच्या ओळीत फुलं फार कमी गळायची. आणि जेवढी गळायची तेवढी ती स्वतःच सांगायची. संध्याकाळी प्लॉटवाला आला की बाकीच्या बाया मातीकडे बघायच्या, माय हात वर करून म्हणायची, इथली तीन माझ्या हातनं गेली. मी शाळेतून परस्पर प्लॉटवर जायचे तेव्हा हे ऐकायचे आणि मला लाज वाटायची, की ही कशाला सांगते. त्या कामावर मी बारावी झाले, जालन्याला कॉलेजात आले, बीएस्सी झाले. आज मी प्रयोगशाळेत बियांची उगवण मोजते. ते बी ज्या फुलातून येतं ते फूल मायसारख्याच कुणाच्या तरी हातातून गेलेलं असतं, हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

तर त्या रविवारी मायनं बोनेट तपासलं. "इथं हाये. इथं बी. हितून पुढं साफ हाये, जाऊ दे." ती दाखवायची, मी साबणाचं पाणी फवारून वडी फिरवायची. खरखर थांबली की ती पुन्हा हात फिरवायची आणि निकाल द्यायची. मला जिथं झालं असं वाटत होतं तिथं तिनं दोनदा परत करायला लावलं. निळी वडी तासाभरात करडी झाली. अर्ध्या बोनेटवरून हात आरशावरून सरकावा तसा सरकायला लागला, तेव्हा तिनं हातातली पिशवी काढून उघड्या तळव्यानं एकदा पाहिलं आणि हसली.

तेवढ्यात माझे यजमान आले. ते भोकरदनकडच्या एका शाळेत शिक्षक आहेत, रविवारची भाजी आणायला गेले होते. त्यांना पाहताच मायनं पदर डोक्यावर घ्यायला हात नेला. हातात पुन्हा पिशवी चढवलेली होती, तिच्यात पदर काही सापडेना. ते म्हणाले, "मामी, एकदा आमच्या शाळेच्या तपासणीला चला. साहेबांपेक्षा बारीक बघता तुम्ही." माय तोंड फिरवून हसली. ते आत गेल्यावर मला म्हणाली, "जावई चांगला हाये. बोलतो मात्र लय."

दुपारी मी बोनेटचं अर्धं काम तसंच ठेवून वडी डबीत टाकली. मायनं विचारलं, बाकीचं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी, ही वडी एका दिवशी जास्त वापरली तर खराब होते. हे खोटं होतं. बोलताना माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं, आपोआप तोंडातून गेलं. पण सोमवारी दवाखान्यातून आल्यावर मायनं पिशवी भरली नाही. तिला अर्धवट काम टाकून उठता येत नाही. मला मग कळलं की मला काय करायचंय.

मी काम लांबवलं. दुसऱ्या रविवारी बोनेटचं उरलेलं अर्धं आणि पुढच्या एका चाकावरचा पत्रा. तिसऱ्या रविवारी डावीकडची दोन दारं. छत, डिकी, उजवी बाजू, सगळं बाकी. मी मनात हिशेब घालत होते की असं करत डाव्या डोळ्याची तारीख येईल. मधल्या दिवसांत मी ऑफिसातून आले की माय गाडीजवळ असायची, त्या दिवशीचा नवीन धुरळा किती बसला ते हातानं पाहायची. एकदा म्हणाली, झाडाखाली लावत जा ना. मी म्हटलं, आमच्या आवारात झाड नाही. ती म्हणाली, बियाच्या कंपनीत झाड न्हाई, हे बराबर न्हाई, साहेबाला सांग. चहा पिताना ती मला प्लॉटवरच्या गोष्टी सांगायची, मी आधी कधी न ऐकलेल्या. कोण बाई काम करता करता ओव्या म्हणायची, कोण कुणावर रुसली होती. मी लग्न होऊन गेले तेव्हापासून आम्ही दोघी इतके दिवस एकत्र राहिलोच नव्हतो. एके संध्याकाळी ती माझ्या केसांना तेल लावत होती आणि मला वाटलं, हे असंच चालू राहावं. डोळा हे निमित्त झालं होतं.

मग एका बुधवारी मी सहाच्या सुमारास घरी आले. त्या दिवशी गाडी नेली नव्हती, मैत्रिणीच्या स्कूटीवर गेले होते. माय फाटकातच उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातावर सुकलेला साबण.

"झालं तुझं काम," ती म्हणाली. "डिकी अन् उजवी बाजू सगळी केली. छत न्हाई गाठलं हाताला, ते जावई करतील. मला उद्याच्या गाडीनं जाऊ दे आता."

मी काही बोलायच्या आत ती पुढं सांगत होती. साबणाच्या पाण्याची बाटली संपली म्हणून नुसतंच घासलं. काही ठिकाणी कण हट्टी होते, तिथं जोर लावून गोल गोल फिरवलं, पातेलं घासतो तसं. मध्येच गोळा हातातून निसटून फरशीवर पडला, गाडीखाली गेला. तिनं वाकून, चाचपून तो काढला. भाकरीचं पीठ खाली पडलं तर वरचा पापुद्रा काढून टाकतो आणि आतलं वापरतो, तसं तिनं केलं. नळाखाली धुतला, पुन्हा मळला. "वाया न्हाई जाऊ दिला," ती म्हणाली.

सूर्य कारखान्यांच्या मागं उतरत होता आणि तिरकं ऊन बरोबर उजव्या दारांवर पडलं होतं. ती दोन्ही दारं बारीक गोल चऱ्यांनी भरली होती. स्टीलचं ताट वर्षानुवर्षं राखेनं घासल्यावर दिसतं तशी. पुढच्या दाराच्या मधोमध एक लांब चरा होता, कडेपर्यंत गेलेला.

"बराबर झालंय ना?" मायनं विचारलं.

त्या क्षणी मला आधी राग आला, हे मी लपवत नाही. ती वाकली होती, डोळ्याजवळ साबणाचे हात नेले असतील, आणि माझी गाडी. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा प्लॉटवरून संध्याकाळी ओळ पुरी करून यायची तेव्हाचा होता. छान झालंय, एवढंच म्हणावं असं मनात आलं. म्हटलं असतं तर ती खुशीत गावी गेली असती, डावा डोळा तसाच ठेवून. पण मायशी मी आयुष्यात खोटं बोलले ते या महिन्यातच, आणि तेवढंच मला जड झालं होतं.

"चरे पडलेत, माय," मी म्हटलं. "दोन्ही दारांवर."

 ती दाराशी गेली, चष्मा काढला, वाकून अगदी जवळून पाहिलं. मग उघडा हात फिरवला.

"हाताला तर लागत न्हाई," ती म्हणाली.

"लागत नाहीत. बारीक आहेत."

"पण दिसतात?"

"दिसतात."

"तुला दिसतात," ती म्हणाली. "मला न्हाई दिसत."

मी तिला आत आणलं, हात धुवायला लावले, डोळा स्वच्छ पुसून थेंब टाकले.  मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मला राहवेना, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातूनच सगळं सांगून टाकलं. वडी एका दिवशी जास्त वापरली तर खराब होते हे खोटं होतं. अख्खी गाडी एका दिवसात झाली असती. तू थांबावीस म्हणून मी दर रविवारी थोडं थोडं केलं. चूक तुझी नाही, मी लांबवलं नसतं तर तुला एकटीनं करायची वेळच आली नसती.

मी चहा गाळून मायपुढं ठेवला. बशीत ओतता ओतता ती म्हणाली, "ते मला पहिल्याच रविवारी कळल्तं."

"कसं?"

"तीस वर्षं बायांच्या घोळक्यात काम केलंय, बाई. कोण कामाची टंगळमंगळ करून राह्यली ते बघायला डोळे लागतात व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटून राह्यल्तं." तिनं चहाचा घोट घेतला. "मला बी."

"मग आजच का उरकलंस सगळं?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "मला इथं लय बरं वाटायला लागल्तं म्हणून. लेकीच्या घरी आईला इतकं बरं वाटू नये. मंग निघवत न्हाई."

  मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती दाराबाहेर, गाडीच्या दिशेनं पाहत होती. त्या अंधुक उजेडात तिथून तिला फक्त पांढरं काहीतरी दिसत असणार.

"मी म्हणत होते एका डोळ्यानं भागतं," ती म्हणाली. "न्हाई भागत."

मग तिनं तिचा छोटा फोन मागितला. भावाचा नंबर ती स्वतः लावते, तिसऱ्या बटणावर तो ठेवलेला आहे, पण त्या दिवशी तिनं तो मला लावायला सांगितला. भाऊ शेतातून नुकताच घरी आला होता, मागं मुलांचा आवाज येत होता. मायनं त्याला काही प्रस्तावना केली नाही. प्लॉटवाल्याला सांगायची त्याच आवाजात सांगितलं, "ऐक. तुझ्या बहिणीच्या गाडीची दोन दारं माझ्या हातनं खराब झाली. चरे पडले अन् मला दिसले बी न्हाईत. दुसऱ्या डोळ्याचं बी करून घेते मी इथंच."

भाऊ काहीतरी बोलला. बहुतेक काळजीनं विचारलं असेल, की राहायचं कुठं, लोक काय म्हणतील, मी येऊ का न्यायला. माझा भाऊ चांगला आहे, त्यालाही ती रीत सोडवत नाही.

"लोकांना सांग, माय लेकीच्या घरी हाये," ती म्हणाली. "विचारलं तर. न्हाई विचारलं तर नको सांगू."

त्यानं किती दिवस, असं विचारलं असणार. कारण मायनं फोन छातीशी धरला, त्यावर तळवा दाबला आणि माझ्याकडे वळून कुजबुजत विचारलं, "महिना म्हणू का गं?"

मी दोन बोटं वर केली. मग लक्षात आलं की अंधारलेल्या खोलीत तिला तेवढ्या अंतरावरून बोटं नीट दिसत नसतील, म्हणून मी जवळ गेले आणि तिच्या कानात म्हटलं, "दोन म्हण."

मायनं फोन पुन्हा कानाला लावला.

"दोन महिने लागतील म्हणून राह्यले डॉक्टर," ती माझ्या भावाला म्हणाली, अगदी गंभीर आवाजात, आणि माझा हात तिनं सोडला नाही.